बेचाळीस माग

जा. क्र. खरेदी/११८
भंडारा, ९ जुलै २०२५

मोठी माय,

तुमच्या संस्थेला काम मिळालं. संचालकांच्या सहीचं पत्र वेगळं येईल. हे माझं.

सोबती प्रतिष्ठानच्या एकोणीस वसतिगृहांतल्या मुलांसाठी दोन हजार चारशे चादरी, सहाशेच्या चार खेपा. पहिली खेप पंचवीस ऑगस्टला, शेवटची पंधरा नोव्हेंबरला. तू माझ्या थोरल्या काकांची बायको आहेस आणि आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. त्यामुळे निवड समितीत मी बसले नाही. समितीनं चार जणांच्या चादरी घडी मोडून पाहिल्या, आणि तुमची चादर हातात घेतलेल्यानं ती लवकर खाली ठेवली नाही, असं मला नंतर कळलं. बरं वाटलं.

आता नियम. शेवटची खेप उतरेपर्यंत तू पुरवठादार आणि मी खरेदी व करार विभागाची प्रमुख. फोन करायचा नाही. जे काही असेल ते लिहायचं, प्रत्येक पत्राची प्रत फायलीत राहील. तब्येतीचं मी मंगेशला विचारत जाईन, तो तुझा मुलगा असला तरी माझ्यापासून काही लपवत नाही.

करारातल्या दोन गोष्टी नीट वाच. चादरी संस्थेच्याच हातमागांवर विणलेल्या हव्यात, बाहेरून आणलेल्या चालणार नाहीत. आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला विणणाऱ्याच्या नावाची फीत शिवायची. ही दुसरी कल्पना माझी. पांघरूण कुणी विणलं हे मुलांना कळावं.

एका चादरीला दोन दिवस धरले तरी बेचाळीस मागांना हे काम जड नाही. पवनीची आपली गल्ली पुन्हा खडखडू दे.

तुझी,
शुभांगी


पवनी, १६ जुलै

शुभांगी,

पत्रावर नंबर पाहून मले वाटलं विजेचं बिल आलं. निर्मलानं सगळ्या बायांले वाचून दाखवलं. गोदावरी म्हणे, "पोरगी इतकी शिकली न मोठ्या मायले पावती फाडून पाठवते." मी म्हणाली, पावती तं पावती, काम आलं न?

मारुतीच्या ओट्यावर पेढे वाटले. सात वर्षांत संस्थेच्या नावानं एवढं मोठं काम आलं नव्हतं. मागच्या साली रुमालांचं आलं होतं, ते रुमालच होते.

तू लिवते ते समजलं. पण दोन गोष्टी विचारतो म्हणून रागावू नको. एक, हे पावसाचे दिवस. खड्डामागाच्या खड्ड्यात ओल येते, पाय गारठतात, सूत जड होते, हे तुले सांगायले नको, तू त्याच खड्ड्याच्या काठावर अभ्यास केला. पहिली खेप दहा सप्टेंबरले दिली तं चालते का? दुसरं, समज पाच-दहा चादरी कमी पडल्या, तं शेजारपाजारून घेतल्या तं चालते का? आपल्याच मागावर पाहिजे हे एवढं ठासून काहून लिवलं?

माग जाग्यावर आहेत. त्याची काळजी करू नको. फितीवर नावं शिवायले सुमनबाईच्या सुनेले बसवलं.

मंगेशले विचारत जाशील म्हणतेस, विचार. तो तुले सांगेल माय ठीक आहे. तो मलेबी तसंच सांगते.

मोठी माय


भंडारा, २९ ऑगस्ट

मोठी माय,

या पत्रावर नंबर नाही आणि याची प्रतही ठेवलेली नाही. नियम मीच केला, मीच मोडते आहे.

तारीख वाढवता येणार नाही आणि बाहेरची एकही चादर चालणार नाही, असं मी तेव्हा नंबर घालून कळवलं होतं. तू रागावली असशील. पण खेप एक दिवस आधी आली. गोदामात गठ्ठे उतरताना मी सहज खाली गेले होते. एक चादर ओढून घेतली, कोपरा उलटला, तर फितीवर "नत्थू धकाते".

तुमच्या अर्जासोबत आलेल्या मागांच्या यादीत बाबांचं नाव मी वाचलं होतं. वाटलं, सवयीनं लिहिलं असेल, माग आता दुसरं कुणी चालवत असेल. पण यादीतलं नाव वेगळं आणि असं शिवलेलं नाव वेगळं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी तिथंच गठ्ठ्यावर बसले. गोदामातल्या मोनिकाला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी घेऊन आली.

बाबांच्या मागावर कोण बसतं? मला कुणी कधी सांगितलं नाही. तेरावं झाल्यावर मी घराची किल्ली तुझ्याकडे दिली आणि पुन्हा गल्लीत आले नाही. लग्नं लॉनमध्ये होतात, आपण तिथंच भेटतो, तिथूनच मी परत फिरते. माझ्या डोक्यात ते घर बंद होतं.

पुढच्या रविवारी येऊ का? करारातलं काही बोलणार नाही. नुसती त्या मागाशी बसेन.

शुभांगी


पवनी, ४ सप्टेंबर

शुभांगी,

तुह्या बाबाच्या मागावर निर्मला बसते. हात चांगला आहे तिचा. माग ज्याचा त्याच्या नावानं ओळखला जाते, म्हणून फीत तशी लावली. तुले त्यात वाईट वाटू नये.

सध्या येऊ नको. बाया दुसऱ्या खेपेच्या मागे आहेत, तू आली का काम सोडून तुह्याभवती बसतील. कोणी चहा करील, कोणी आलूपोंगे तळील, न दिवस जाईल. दसऱ्याच्या मागपूजेले ये, नाही तं त्यानंतर ये.

मंगेशची प्रतीक्षा बारावीले आहे. तिले नागपूरले ठेवाव का भंडाऱ्यातच, यावर घरी रोज भांडण. मी म्हणतो पोरीले विचारा. कोणी विचारत नाही.

तुमच्या इकडे चादरी तपासते तो माणूस काय काय पाहते? म्हणजे तसं आमाले ध्यानात ठेवता येईल.

तुहं मागचं पत्र मी कोणाले दाखवलं नाही.

मोठी माय


जा. क्र. खरेदी/१६३
भंडारा, १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
श्रीमती केशरबाई धकाते, अध्यक्षा,
वैनतीर महिला विणकर संस्था, पवनी

विषय : पहिल्या खेपेतील चादरींबाबत खुलासा

आपल्या संस्थेकडून आलेल्या सहाशे चादरींची तपासणी पूर्ण झाली. त्यांपैकी दोनशे बारा चादरी हातमागाच्या आहेत. उरलेल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी चादरींची लांबी, रुंदी व काठ धाग्याच्या हिशेबात एकसारखे आहेत. त्या यंत्रमागावरच्या असल्याचा तपासनिसांचा अहवाल आहे. हातमागाच्या दोनशे बारा चादरींवर एकूण अकराच नावे आहेत. उरलेली एकतीस नावे केवळ दुसऱ्या गटात आढळतात.

तरी आपण सात दिवसांत पुढील बाबी लेखी कळवाव्यात : सदर चादरी कोठून घेतल्या, आणि आपल्या संस्थेचे किती माग आज प्रत्यक्ष चालू आहेत.

दुसरी खेप खुलासा मिळेपर्यंत पाठवू नये.

शुभांगी धकाते
प्रमुख, खरेदी व करार विभाग


पवनी, २० सप्टेंबर

शुभांगी,

तू मले "आपण" लिवलं. निर्मलानं वाचलं न कागद माह्या हातात देऊन आत गेली.

विचारलं तं सांगतो. चादरी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून आणल्या. मी एकटी गेली, एकटीनं ठरवलं. बायांले मी सांगतलं, का कार्यालयाची परवानगी आहे. फिती शिवणाऱ्या पोरीलेबी तेच सांगतलं. बाया खोट्या नाहीत, मी खोटी आहे. हे फायलीत लाव.

चालू माग अकरा. त्यातबी दोन बाया दिवसाआड बसतात, गुडघ्यानं होत नाही. तुह्या बाबाच्या मागावर कोणीच बसत नाही. निर्मला बसते आपल्या मागावर. घर उघडून मी महिन्यातून एकदा झाडून काढतो, तेवढंच. ते मी तुले खोटं लिवलं, कारण तू गठ्ठ्यावर बसली असं वाचलं न मग माह्यानं खरं लिववलं नाही.

आता हेबी फायलीत लाव. बेचाळीस मी मुद्दाम फुगवून लिवले नव्हते. आपल्या गल्लीत माग बंद झाला असं कोणी म्हणत नाही, तुले माहीत आहे. माणूस मेला तरी त्याची बायको म्हणते, "आज बसले नाहीत." असं दहा-दहा वर्षं म्हणते. दसऱ्याले पूजा होते तवा सगळ्या मागांची नावं वाचतो, बेचाळीसची बेचाळीस, मेलेल्याचं न जित्याचं. अर्जासोबत मागांची यादी जोडा म्हणून तुह्या कार्यालयानं लिवलं. आमच्याकडे यादी तीच एक होती. मी ती उतरवून दिली.

देताना मले समजत नव्हतं का? समजत होतं. पण मी म्हणाली, कोणी न कोणी पाहाले येईलच. अंकुश नावाचा माणूस येईल असं तुह्या कार्यालयाच्या कागदात होतं. मी त्याची वाट पाहिली. दोन दिवस अंगण सारवून ठेवलं. आला असता तं मी त्याले घराघरात नेलं असतं न म्हटलं असतं, भाऊ, हा चालतो, हा चालत नाही. तोंडानं नाही म्हणता येत, पण दाखवता येते. तो आलाच नाही. सरळ काम मिळाल्याचं पत्र आलं, न त्यात तूच लिवलं, बेचाळीस मागांले काम जड नाही.

तवा मले वाटलं, शुभांगीले सगळं माहीत आहे. तिनं जाणूनबुजून दिलं, गल्लीसाठी दिलं, आता पुरं करणं माह्याकडे. म्हणून मी पहिल्याच पत्रात आडून विचारलं, शेजारून घेतलेली चालते का. तू नाही म्हणाली, तरी मले वाटलं फायलीसाठी नाही म्हणते.

तुह्या बाबाच्या तेराव्याले माग सव्वीस होते. तू रडून राहिली होती, तू मोजले नाहीस.

एक विचारतो, याचं उत्तर दे. तो अंकुश काहून आला नाही?

केशर


भंडारा, ६ ऑक्टोबर

मोठी माय,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण आधी ते दुसरीकडे द्यायचं होतं.

अंकुश आला नाही, कारण मी त्याला येऊ दिलं नाही. जूनमध्ये सहा ठिकाणच्या पाहण्या बाकी होत्या आणि हातात चार दिवस. तो यादी घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी वरपासून खालपर्यंत वाचली. प्रत्येक नावाला मला घर दिसलं, दार दिसलं, कोणत्या घरातून धोट्याचा कसा आवाज येतो तेही. मी म्हटलं, "पवनीला जायची गरज नाही, ती गल्ली मला तोंडपाठ आहे." तो म्हणाला, "मॅडम, नियमाप्रमाणे जावं लागेल." मी म्हटलं, "तो नियम मीच लिहिला आहे." त्यानं "प्रत्यक्ष पाहणी केली, माग ४२" असं लिहिलं आणि खाली मी सही केली. निवडीपासून लांब राहिले म्हणून आपण चोख आहोत, या समजात होते.

तू समजलीस की मी जाणूनबुजून दिलं. तसं असतं तर निदान मी डोळे उघडे ठेवून चुकले असते.

तुझा खुलासा आल्यावर अंकुशला नोटीस निघाली. खोटा अहवाल, म्हणजे नोकरी जाते. त्यानं माझं नाव घेतलं नाही. दोन दिवस मी ते चालू दिलं, हेही तुला सांगते. तिसऱ्या दिवशी संचालकांना सगळं लिहून दिलं. आपली सगळी पत्रं फायलीला लावली, नंबर नसलेलंही. त्याची प्रत माझ्याकडे नव्हती, म्हणून मंगेशला पाठवून तुझ्याकडून आणवलं. त्यानं तुला कारण सांगितलं नसेल. मीच त्याला सांगितलं नव्हतं.

निर्णय असा. करार रद्द. दोनशे बारा चादरी ठेवून घेतल्या, त्या मुलांना मिळतील. बाकीच्या परत येतील. संस्थेचं नाव तीन वर्षं प्रतिष्ठानच्या कोणत्याही कामासाठी धरलं जाणार नाही. हे कलमही माझ्याच हातचं आहे, त्याला अपवाद नाही. अंकुशला ताकीद देऊन ठेवलं. माझ्याकडून विभाग काढून घेतला आहे. चौकशी संपेपर्यंत मी ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या नोंदी करते.

माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नको. मला पगार मिळतो आहे. अकरा जणींचं काय, याचं माझ्याजवळ उत्तर नाही.

पूजेला आले नाही. तोंड नव्हतं.

शुभांगी


पवनी, २४ नोव्हेंबर

शुभांगी,

उशीर झाला. तुह्या पत्राचं काय करावं हे समजत नव्हतं. दोनदा लिवाले बसली न उठली.

परत आलेल्या चादरी व्यापारी घेत नाही म्हणे, एकदा फीत शिवली का माल त्याच्या कामाचा राहत नाही. सुमनबाईची सून बसून फिती उसवते. मी तिले म्हणाली, माह्या माणसाच्या नावाची मले दे, ती मी उसवतो. अजून उसवली नाही.

निर्मला तुमसरले राईस मिलमध्ये जाते, पोती शिवाले. सकाळची बस धरते. जाताना मले म्हणाली, "मोठी माय, आज बसली नाही असंच समज." आम्ही दोघीबी हसलो. आता माग दहा.

बाया मले बोलत नाहीत असं नाही. बोलतात, पण भाजीचं बोलतात. गोदावरी एक दिवस म्हणाली, "आमाले विचारलं असतं तं आम्ही नाही म्हटलं असतं." मी म्हणाली, म्हणूनच नाही विचारलं. अध्यक्षपद सोडलं. ते कोणी घेत नाही, वही माह्याच घरी पडली आहे.

आता ज्यासाठी लिवाले बसली ते. मागच्या मंगळवारी अंकुश आला होता. तुह्या जागी आता जो साहेब आहे त्यानं पाठवलं, म्हणे फाईल बंद करायची तं खरा आकडा पाहिजे. बारीक पोरगा आहे, मले वाटलं मोठा माणूस असंल. लाजून राहिला होता. मी म्हणाली, ये भाऊ, तुही वाट मी जूनपासून पाहून राहिली.

त्याले घराघरात नेलं. एकेक दार उघडलं. काही घरी खड्ड्यात लाकडं रचली आहेत, एका घरी कोंबड्या. राधाबाईच्या घरी मागावर ताणा तसाच लावलेला होता, तिच्या माणसानं लावलेला, त्याले आता सहा वर्षं झाली. सूत पिवळं पडलं. अंकुश तिथं उभा राहिला. राधाबाई त्याले म्हणाली, "आज बसले नाहीत." त्यानं वहीत शून्य लिवलं. मी पाहिलं त्याले लिवताना. बरोबर लिवलं त्यानं.

तुह्या बाबाचं घरबी उघडलं. तिथंबी शून्य.

एका दुपारात गल्ली संपली. चहा घेताना त्यानं वहीवर माही सही घेतली, दहा मागांवर. मी केली. मग खाली मान घालून तो म्हणाला, "काकू, मी तवा आलो असतो तं अकरा लिवलं असतं. मॅडमच्या नियमात आहे, संस्था लहान असली तं काम तोडून द्यावं, मागांच्या मानानं. तुमाले सहाशे चादरींचा करार मिळाला असता, बाकीचं दुसऱ्याले."

हे तू मले लिवलं नाहीस. काहून लिवलं नाहीस ते समजलं, म्हणून विचारत नाही.

सहाशे चादरी. अकरा बायांले हिवाळ्यापर्यंत. आमाले पुरलं असतं, शुभांगी.

केशर